पहिली गाय घेण्यापूर्वी

मुलुंडला राहून शनिवार-रविवारीच मुरबाडच्या शेतावर जाणार असाल, तर रोज दोन वेळा धार काढणारा भरवशाचा माणूस आधी ठरवा आणि मगच गाय पाहायला निघा. गाईला सुट्टीचा वार कळत नाही. दुधाच्या आकड्याला भुलून भारी संकरित गाय घेणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. तिकडच्या पावसात डांगी ही देशी जात टिकते. दूध कमी देते, पण घरापुरते होते. शक्यतो दुसऱ्या वेताची, म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, शांत गाय निवडावी आणि पैसे मोजण्यापूर्वी चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर काढून पाहाव्यात, कारण गुठळ्या दिसल्या तर कासदाहाची, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाची, शंका घ्यावी लागते. मी ही तपासणी टाळली आणि महिनाभरात माझ्या गाईचा एक सड कायमचा गेला.

पावसाळ्याआधी एवढे करा:
- गोठ्याच्या जमिनीला उतार द्या.
- भाताचा पेंढा उंचावर, कोरडा साठवा.
- लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्या.

गाय व्याली की वासराला तासाभरात चीक पाजा; घरच्यांना खरवस त्यानंतर. खुराकाचे बारीक हिशेब सध्या राहू द्या, गव्हाणीत वैरण आणि समोर स्वच्छ पाणी कायम असले की पहिले काही महिने निभावते.