फॉर्म तुम्ही भरलात, पण परीक्षा तिची आहे

स. न.

तुमचं पत्र मिळालं. तुमची मुलगी अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. गरीब देशांतली विषमता, संघर्ष आणि सरकारी तिजोरीची ओढाताण यांवर काम करायचं म्हणते. तुम्ही मात्र तिला न विचारता एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरून मोकळे झालात. तिच्या ६४ टक्क्यांची काळजी पत्रात दोन ओळींत आटोपली आहे आणि नातेवाईक काय म्हणतील यावर अख्खं पान आहे. मला घोर लागला तो त्या पानाचा. सज्ञान मुलीच्या वतीने परस्पर निर्णय घेणं ही काळजी नव्हे, बळजबरी आहे. तिला आजच सांगा आणि परीक्षा द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या.

‘ही समाजसेवा, यात पोट भरत नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. साफ चूक. हे हिशेबाचं काम आहे आणि हिशेब चुकला तर माणसं मरतात. केनियात २०२४ च्या वित्त विधेयकात ब्रेडवर १६ टक्के व्हॅट सुचवला होता. कर्जाचं ओझं डोक्यावर होतं, सरकारला पैसा हवा होता. ब्रेडचा कर वगळला, तरी बाकीच्या करांवरून तरुण पेटले. २५ जूनला आंदोलक संसदेत घुसले, गोळीबारात बळी गेले आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. तिजोरीतला खड्डा तसाच राहिला. कर कोणाच्या खिशाला लागणार हे आधी मोजणारी माणसं अर्थ मंत्रालयांना हवी असतात, पगार देऊन.

मोजायचं कसं? घरोघरी विचारून केलेल्या खर्चाच्या पाहणीतली कुटुंबं दरडोई खर्चानुसार दहा गटांत लावायची आणि प्रत्येक गटावर किती कर पडतो, किती अनुदान मिळतं ते काढायचं. घोळ कुठे होतो, तेही सांगतो. गरीब माणूस बरीच खरेदी व्हॅट न भरणाऱ्या छोट्या विक्रेत्यांकडून करतो. हे विसरलं की त्याच्यावरचा बोजा फुगलेला दिसतो. अतिश्रीमंत तर पाहणीत फारसे सापडतच नाहीत, त्यामुळे विषमता आहे त्याहून कमी भासते.

राहिला नोकरीचा प्रश्न. सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षांचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. जागतिक बँकेचा विचार पदव्युत्तर पदवी आणि अनुभवानंतर.

आधी दोन महिने तिला एखाद्या देशाच्या अशा पाहणीची सर्वांसाठी खुली असलेली माहिती घेऊन ‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मोजणी करू द्या. सॅम्पलिंग वेट्स (पाहणीतलं एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या जागी धरायचं तो आकडा) लावायला विसरू नये, नाहीतर आकडे देशाचे नाही, फक्त पाहणीतल्या कुटुंबांचे येतील. त्यात मन रमलं तर संख्याशास्त्र पक्कं करून एमएला अर्ज करावा. नाही रमलं तर पुढचा निर्णयही तिचाच.