वाचकांचे प्रश्न : फ्रँकफर्टला मिळालेले सहा तास

प्रश्न : मुलगा लिस्बनला असतो. चतुर्थी आटोपली की आम्ही दोघे मोपाहून मुंबई, फ्रँकफर्टमार्गे त्याच्याकडे निघणार. तिकीट सलग एकच आहे, व्हिसा पोर्तुगालचा. फ्रँकफर्टला सकाळी ७.१० ला उतरून पुढचे विमान दुपारी १.५० ला. तेवढ्यात शहर पाहून होईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : होईल, पण शहरात सव्वादोन तासच मिळतील असे धरून चाला. हिशेब उलटा, पुढच्या विमानापासून मांडावा. १.५० चे विमान म्हणजे १.१५ च्या सुमारास गेटवर हवे. वाटेत सिक्युरिटीची रांग आणि लांबलचक चाल, म्हणून ११.५० ला विमानतळावर परत. त्यासाठी शहरातून साडेअकराच्या आत गाडी पकडायची. इकडे ७.१० ला उतरून बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ होतात आणि शहरात पाय टेकेपर्यंत सव्वानऊ.

तुमची एक गोष्ट सोयीची आहे. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट; त्यातला तुमचा पहिला विमानतळ फ्रँकफर्ट, म्हणून इमिग्रेशन तिथेच होते, लिस्बनला नाही. बाहेर पडा वा आतच बसा, ती रांग चुकत नाही. पोर्तुगालचा व्हिसा जर्मनीत चालतो; तो फ्रँकफर्टला उतरायच्या तारखेला सुरू झालेला आहे एवढे पाहून घ्या. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत युरोपने टप्प्याटप्प्याने सुरू केली. पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. साडेनऊपर्यंतही रांगेतच असाल, तर शहराचा बेत सोडून द्या.

मोठ्या बॅगा थेट लिस्बनला जातात. चेक-इनला टॅगवर शेवटचा कोड एलआयएस आहे ना, ते स्वतः वाचा. हमखास चूक होते ती स्वेटरची: गोव्यात उकडते म्हणून तो मोठ्या बॅगेत जातो आणि मग फ्रँकफर्टच्या सकाळच्या गारव्यात माणूस हाफ शर्टवर कुडकुडतो. स्वेटर आणि बंद बूट जवळ ठेवा. केबिन बॅग विमानतळावरच्या लगेज काउंटरवर ठेवता येते. तिथल्या दगडी फरसबंदीवर ती ओढत फिरण्यात मजा नाही.

इमिग्रेशननंतर गेटांच्या पाट्यांमागे न जाता बाहेरचा रस्ता धरा. लोकल गाड्यांचे स्टेशन टर्मिनल १ च्या खाली आहे. जवळच लांब पल्ल्याच्या गाड्यांचे वेगळे स्टेशन आहे, तिकडे वळू नका. एस८ किंवा एस९ पकडायची. साधारण दर पंधरा मिनिटांनी एक असते. फसगत होते ती दिशेत. त्याच नंबरच्या गाड्या उलट्या बाजूला वीसबाडेनलाही जातात. पाटीवर हानाऊ किंवा ओफेनबाख असेल तीच तुमची. हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य स्टेशन, साधारण बारा-पंधरा मिनिटांवर आहे. तिथे न उतरता आणखी दोन स्टेशने पुढे हाउप्टवाखेला उतरा.

तिकीट मशीनमधून, माणशी एका फेरीचे सहा-सात युरो. ते काढल्याक्षणी लागू होते, म्हणून परतीचे आधी काढून ठेवू नका. चारपाच जण असाल तर पाच जणांपर्यंतचे दिवसभराचे ग्रुप तिकीट स्वस्त पडते. आणि गोव्यातल्या कदंबा बससारखा कंडक्टर येईल म्हणून तसेच बसू नका. तपासनीस साध्या कपड्यांतही येतो, आणि दंड ६० युरो.

हाउप्टवाखेपासून पाचेक मिनिटांवर क्लाइनमार्क्टहाले हा झाकलेला बाजार आहे. रविवारी बंद असतो. वेळ कमी असेल तर बाकीचे सोडा, पण हा पाहा. म्हापशाच्या बाजारात रमणाऱ्याला तो लगेच आपला वाटेल. भाजीच्या दुकानांत पांढऱ्या कागदात गुंडाळलेली हिरव्या पाल्याची पुडकी दिसतील. त्यात सात प्रकारचा पाला असतो. दही-सायीत तो बारीक चिरून इथली प्रसिद्ध हिरवी चटणी होते, उकडलेली अंडी आणि बटाट्यांबरोबर खायची. सफरचंदाची वाइनही इथली खासियत. आंबटढाण असते, फेणीची सवय असलेल्याला ती पाण्यासारखी वाटेल.

तिथून रोमरबर्ग चौक जवळच. १४०५ पासून नगरपालिका याच चौकातल्या रोमर इमारतीत आहे. समोरची लाकडी चौकटींची घरे जुनी वाटली तरी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत सगळे बेचिराख झाले होते. ती नंतर उभारलेली आहेत. शेजारचा ‘जुना’ भाग तर २०१८ ला खुला झाला. त्या गल्लीतून कॅथेड्रल, मग माइन नदीवरच्या आयझर्नर श्टेग या पादचारी पुलाच्या मध्यापर्यंत. मागे वळून पाहिले की चर्चचा मनोरा आणि बँकांचे टॉवर एकाच नजरेत येतात. तिथूनच परत फिरा. पुलापलीकडे गेलात की घड्याळ हातातून सुटते.

प्रश्न : लंडनला जाताना फ्रँकफर्टला पावणेचार तास आहेत. माझ्याकडे ब्रिटनचा व्हिसा आहे. बाहेर जाता येईल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही. ब्रिटनचा व्हिसा शेंगेनमध्ये चालत नाही. शेंगेन व्हिसा असता तरी आत येताना आणि बाहेर जाताना अशा दोनदा पासपोर्ट तपासणीच्या रांगा लागल्या असत्या, आणि पावणेचार तासांत हाती अर्धा तासही उरला नसता. पती किंवा पत्नीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून भारतीय पासपोर्टवाल्याला आपोआप बाहेर सोडत नाहीत, हेही सांगून ठेवतो. एकाला जाता येते आणि दुसऱ्याला नाही, असे झाले तर दोघांनी आतच बसावे. तेवढ्यासाठी भांडण नको.

प्रश्न : नातवासाठी मानकुराद आणि पेढे हँडबॅगेत नेले, तर मधल्या विमानतळावर अडवतील का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बाहेर पडताना कस्टम्सने बॅग उघडली तर दोन्ही जातील. बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणता येत नाहीत, म्हणून पेढे, तूप आणि चॉरिस तिन्ही बाद. आंब्याला रोगमुक्तीचा सरकारी दाखला लागतो. दाखल्याविना चालणारी फळे पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. तेव्हा नातवाला नारळ न्या, पण मोठ्या बॅगेतून.