कप घ्यावा की पॅडच बरे?

प्रश्न : वय २६. दोन पाळ्या मेन्स्ट्रुअल कप वापरून पाहिला, दोन्ही वेळा कपड्यांना डाग लागले. मैत्रिणींना जमतं, मलाच का जमत नाही? पुन्हा पॅडच सुरू करू का? (सांगली)

इतक्यात सोडू नका. (नवख्यांसाठी : हा कप म्हणजे पाळीत योनीत बसवून रक्त गोळा करणारा सिलिकॉनचा छोटा पेला. वर कड, खाली बूड आणि त्याला देठ.) कपावर हात बसायला बहुतेकींना दोन ते पाच पाळ्या लागतात. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला. त्यात कपातून होणारी गळती पॅड किंवा टॅम्पॉनइतकीच (टॅम्पॉन म्हणजे योनीत ठेवायचा कापसाचा बोळा), नाहीतर कमीच दिसली. मात्र सवय व्हायला काही महिने जातात, हेही त्यात नोंदवलं आहे. तोवर कपाच्या जोडीला पातळ पॅड लावा.

डाग पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कप आत गेल्यावर पूर्ण उघडलेला नसतो. आत सरकवल्यावर कपाच्या बुडाभोवती बोट फिरवून बघा. कुठे खळगा किंवा घडी लागली, तर बूड चिमटीत धरून कप थोडा फिरवा, किंवा किंचित खाली ओढून परत वर सरकवा. देठ धरून फिरवू नका, त्याने काहीच होत नाही. कप आत घालण्यासाठी दुमडताना कडेचा एक बिंदू आत दाबून केलेली घडी टोकाला निमुळती असते, त्यामुळे नवशिकीला सोपी जाते. पण आत कधीकधी उशिरा उघडते. मग कप इंग्रजी ‘सी’सारखा दुमडून बघा.

दुसरं कारण दिशेचं. योनिमार्ग सरळ वर जात नाही, तो मागे माकडहाडाकडे कललेला असतो. कप सरळ वर ढकलला की तो गर्भाशयमुखाच्या बाजूला जाऊन बसतो आणि रक्त त्याच्या शेजारून निघून जातं. पाळी चालू असताना हात धुऊन बोटाने गर्भाशयमुख चाचपा; ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं. बोटाच्या पहिल्या दोन पेरांतच लागलं, तर ते खाली आहे असं समजा आणि आखूड कप घ्या. दुकानात फक्त ‘बाळंतपण झालंय का’ एवढंच विचारून माप देतात, ते पुरेसं नाही.

कडेखालची बारीक छिद्रं बुजली तरी कप नीट बसत नाही. कपात पाणी भरून तोंडावर तळहात दाबा आणि कप पिळा, छिद्रांतून चिळकांड्या उडाल्या पाहिजेत. सुई घालू नका, सिलिकॉन फाटतं. शिवाय दुसऱ्या दिवशी अंगावरून जास्त जात असेल, तर २५ मिलीचा कप चार-पाच तासांतही भरतो. बारा तास ही कमाल मर्यादा आहे, वेळापत्रक नव्हे.

काढताना उकिडवं बसा, हलकेच कुंथा, बूड हाताला लागलं की चिमटीत दाबा. हवा आत शिरून पकड सुटते, मग कप डावी-उजवीकडे हलवत खाली घ्या. नुसता देठ ओढला तर दुखतं, आणि सांडतंही.

प्रश्न : वसतिगृहात राहते. बाथरूम सामायिक. कप कुठे धुवायचा, कुठे उकळायचा? (पुणे)

सकाळी आणि रात्री आंघोळीच्या वेळी कप रिकामा करून धुवा, म्हणजे मधे धुवायचा प्रसंग सहसा येत नाही. आलाच तर संडासात पाण्याची बाटली न्या. तेही नसेल तर टिश्यूने पुसून परत लावा आणि पुढच्या वेळी नीट धुवा. आधी गार पाणी, मग बिनवासाचा सौम्य साबण. गरम पाणी आधी वापरलं तर डाग पक्के बसतात.

उकळायचा तो पाळीआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. वेगळ्या स्टीलच्या भांड्यात कप पूर्ण बुडेल इतकं पाणी घेऊन ५ ते १० मिनिटं. कप भांड्याच्या बुडाला टेकला तर करपतो, म्हणून तो रवीच्या किंवा व्हिस्कच्या तारांत अडकवा आणि गॅस सोडून जाऊ नका. गॅस नसेल तर विजेवरचे छोटे स्टेरिलायझर मिळतात. कोरडा कप सुती पिशवीत ठेवा. घट्ट डब्यात ओल राहते आणि वास येतो.

स्वच्छ पाणी आणि आडोसा दोन्ही नसतील, तर पॅडच वापरा. ऊसतोडीच्या फडावर दिवसभर राबणाऱ्या बाईला बारा तास चालणारा कप खरं तर सगळ्यात उपयोगी. पण हात धुवायलाच पाणी नसेल, तर नुसता कप वाटून तिची सोय होत नाही. आधी पाणी आणि संडास द्या, मग कप.

प्रश्न : पैशात फरक किती पडतो? (नाशिक)

८ रुपयांचा पॅड आणि पाळीला १५ पॅड धरले, तर महिन्याला १२० रुपये. साधारण ३०० ते ७०० रुपयांचा कप अर्ध्या वर्षात वसूल होतो आणि नीट जपला तर अनेक वर्षं टिकतो. जनऔषधी केंद्रातले ‘सुविधा’ पॅड मात्र एक रुपयाला एक मिळतात. ते घेत असाल, तर पैशासाठी कप घ्यायची गरज नाही.

प्रश्न : तांबी (कॉपर-टी) बसवली आहे, पाळीला खूप जातं. कप चालेल का? (कोल्हापूर)

आधी डॉक्टरांना विचारा. कपाची पकड न सोडता ओढला, तर तांबी सरकू शकते, निघूनही येऊ शकते. तांबीचा दोरा आखूड कापून घेता येतो. परवानगी मिळाली तर कपाचा एक फायदा तुम्हाला होईल : आतल्या खुणांवरून रक्त मोजता येतं. पूर्ण पाळीत ८० मिलीपेक्षा जास्त गेलं तर हिमोग्लोबिन तपासा.

बाळंतपणानंतर सहा आठवडे, अंग बाहेर येत असेल तेव्हा, किंवा योनीत जंतुसंसर्ग असताना कप नको. अचानक जोराचा ताप, उलट्या, अंगभर लाल पुरळ, चक्कर असं झालं, तर कप लगेच काढा आणि थेट रुग्णालय गाठा. हा टॉक्सिक शॉक सिंड्रोम, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार, असू शकतो. तो फार क्वचित होतो, पण त्यात तासभराचाही उशीर परवडत नाही.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची आहे. कपाने पडदा फाटेल, लग्नात अडचण येईल, असं सासूबाई म्हणतात. (परभणी)

योनीच्या तोंडाशी असलेला हा पडदा लवचिक असतो. तो ताणला जाऊ शकतो, फाटूही शकतो. सायकल चालवतानाही तसं होऊ शकतं. त्यावरून कौमार्य ठरत नाही, वैद्यकशास्त्रात अशी कोणतीही परीक्षा नाही. मुलीला स्वतःहून वाटलं तर सगळ्यात लहान आणि मऊ कप द्या. तिला नको असेल तर पॅड द्या, आणि ते कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यायला शिकवा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या महिलांनी हीच मागणी केली आहे, कारण उघडे पॅड त्यांना हाताने निवडावे लागतात.