खडी, घसारा आणि टायरमधली हवा : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं राखीव जंगलातल्या खडकाळ वाटांवर ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या वाटांसाठीची सायकल) चालवणाऱ्यांची आहेत. त्यातल्या पाच प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : माझं वजन ७२ किलो. टायर ७०० × ४० चे (म्हणजे ४० मिमी रुंद), आत ट्यूब. मागचं चाक एकाच दिवशी दोनदा पंक्चर झालं. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा होत्या. हवा कमी पडली, ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरा, असं दुकानात सांगितलं. भरू का?

निदान बरोबर, औषध चुकीचं. काट्याचं भोक एकच असतं. दोन चिरा म्हणजे दगडावर आदळताना ट्यूब रिमच्या दोन्ही कडांखाली चिमटली. पण ६० पीएसआयला ४० मिमीचा टायर दगडावर दबत नाही, उडतो. पकड जाते, आणि ताणलेलं रबर धारदार खडीवर लवकर कापलं जातं.

तुमच्या वजनाला पुढे ३६ आणि मागे ४० पीएसआयपासून सुरुवात करा. मग वाटेचा सगळ्यात खराब दोनशे मीटरचा तुकडा निवडून त्यावरून नेहमीच्या वेगाने जा. रिम दगडाला लागल्याचा ‘टक्’ आवाज आला तर २ पीएसआय वाढवा. आवाज नाही, पण हाताला झिणझिण्या येतात आणि सायकल दगडादगडावरून नाचते, तर २ कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत तुमचा आकडा सापडेल. तो लिहून ठेवा. मागे पाच किलो सामान असेल तर मागच्या चाकात २ पीएसआय जास्त. ट्यूबलेसला (आत ट्यूबच नसलेल्या टायरला) चिमटण्याची भीती नसल्याने दोन्ही आकडे ४ ते ६ ने खाली येतात. १६० पर्यंत आकडे असलेल्या पंपावरच्या मीटरवर ३५ आणि ४० मधला फरक धड कळत नाही, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. आणि पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा दुपारी तेवढीच राहत नाही : तापमान १० अंशांनी वाढलं की दाब दीड-दोन पीएसआयने चढतो.

फ्रेममध्ये जागा असेल तर पुढच्या खेपेला ४५ मिमीचे टायर घ्या. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना निदान ५ मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर चिखलात चाक अडकेल.

प्रश्न : ट्यूबलेस करून पाच महिने झाले. काटा काढल्याबरोबर सगळी हवा गेली, भोक बुजवणारं सीलंट बाहेर आलंच नाही. माल खराब होता का?

माल वाळला होता. बहुतेक सीलंट म्हणजे पातळ लॅटेक्स. त्यातला द्रव हळूहळू उडून जातो आणि टायरमध्ये रबराच्या साली उरतात. चाक काढून कानाशी धरून हलवा. आत डचमळल्याचा आवाज आला नाही तर सीलंट संपलं. ४० ते ४५ मिमीच्या टायरला ६० ते ९० मिली लागतं. उष्ण, कोरड्या हवेत दर दोन महिन्यांनी तपासलेलं बरं.

काटा दिसला की लगेच उपटू नका. आधी प्लगची पट्टी (भोकात ठासायची रबरी पट्टी) तिच्या सुईच्या नेढ्यात निम्म्यापर्यंत ओढून ठेवा, मगच काटा काढा. सुई आत घाला. पट्टीची दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर बाहेर राहिली की थांबा आणि सुई सरळ, झटक्यात मागे ओढा. भोक खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे उरलंसुरलं सीलंट तिथे जमेल. टायरची बगल पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फाटली असेल तर प्लगचा नाद सोडा. आतून जुन्या टायरचा तुकडा लावा, ट्यूबलेसचा वॉल्व्ह काढा आणि ट्यूब घाला. त्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा, उघडं बोट नको. सीलंटने बंद केलेले जुने काटे तिथेच असतात आणि नवी ट्यूब पहिल्या शंभर मीटरमध्येच फोडतात. ही चूक सर्रास होते.

प्रश्न : घसाऱ्याच्या (सुट्या माती-खडीच्या) उतारावर मी सीटच्या अगदी मागे सरकतो, तरी वळणावर पुढचं चाक निसटतं.

‘तरी’ नव्हे, ‘म्हणूनच’. वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि मातीत रुतत नाही. हात हँडलच्या खालच्या वाकात, कोपरं वाकलेली, नितंब सीटच्या किंचित वर, एवढं पुरे. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. वळणात शिरताना बोटं सैल करा. बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली आणि शरीराचा भार त्यावर. सायकल आतल्या बाजूला कलू द्या, स्वतः तिच्याइतके कलू नका. नजर चाकापुढच्या दगडावर राहिली की चाक त्याच दगडावर जातं.

प्रश्न : सायकल उजव्या कुशीवर पडली. तेव्हापासून गिअर आपोआप बदलतात.

मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा छोटा तुकडा, वाकलाय. मागून बघा : डिरेलरची दोन छोटी चाकं एका उभ्या रेषेत आणि दातेरी चक्राला समांतर दिसली पाहिजेत. खालचं चाक आत झुकलं असेल तर सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकू नका, डिरेलर आऱ्यांत जाऊन चाकाचं वाटोळं होईल. जंगलात हाताने एकदाच, हळू सरळ करून परत या. अॅल्युमिनियम वारंवार वाकवलं की तुटतं. हँगर जवळपास प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून सुटा हँगर स्वतःच्या सायकलचाच बाळगा. २०१९ मध्ये सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने सगळ्यांसाठी एकच असा यूडीएच हँगर आणला. तुमची फ्रेम त्याची असेल तर शोधाशोध वाचते. हँगर तुटलाच तर डिरेलर बाजूला बांधा, चेन आखूड करा आणि मधल्या एखाद्या चक्रावर सरळ रेषेत जोडा. एकाच गिअरवर घरी पोचाल. त्यासाठी चेन तोडायचं हत्यार आणि तुमच्या चेनला बसणारी सुटी जोडकडी पिशवीत हवी.

प्रश्न : पावसानंतर वाटेवर डबकी असतात. कडेने जावं की मधून?

मधून. तळ दिसत नसेल तर उतरून, पण तरीही मधून. प्रत्येकजण कडेने गेला की वाट दर पावसाळ्यात हातभर रुंद होते आणि कडेची झुडपं मरतात. चाकाची चाकोरी दोन-तीन सेंटिमीटर खोल उमटत असेल तर त्या दिवशी माघारी वळा. त्या चाकोऱ्या वाळून कडक होतात, पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच वाहतं आणि माती घेऊन जातं.

जंगलात शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर टायर, बूट, चेन कोरड्या ब्रशने साफ करा. चिखलाबरोबर परक्या तणांचं बी जातं, शिवाय मुळं कुजवणाऱ्या फायटोफ्थोरासारखे रोगही. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्ष वाचवण्यासाठी वाटांच्या तोंडाशी बूट घासायची आणि निर्जंतुक करायची सोय केली आहे, ती याच कारणासाठी. घरी धुताना पाण्याची जोरदार धार बेअरिंगवर मारू नका, आणि चेनला तेल देताना मागच्या डिस्कवर फडकं धरा. तेलाचे तुषार ब्रेकपॅडमध्ये मुरले की पॅड बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं.