जागेसकट जुनं घर घेतोय, खरेदीखताआधी मोजणी करून घ्यावी का?
घ्याच. सातबारा किंवा मिळकत पत्रिका क्षेत्रफळ सांगते, कुंपण बरोबर जागी आहे का ते नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज मालकाच्या नावाने जातो, म्हणून विकणाऱ्यालाच करायला लावा. फी हवी तर तुम्ही भरा. लगतधारकांना नोटीस जाते, त्यामुळे शेजाऱ्याची कुरबुर असेल तर तो मोजणीच्या दिवशी हजरच! मग ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा मिळतो, त्यात नोंदीची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट (कोण कुठपर्यंत जागा वापरतंय) दोन्ही कळतात. आमच्या काकांनी हे टाळलं. विहीर आणि न्हाणीघराचा कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत निघाला. अर्धाच गुंठा, पण म्हणजे जवळपास ५४४ चौरस फूट. विकणारा टाळाटाळ करत असेल तर इसार देऊ नका. भिंती-स्लॅब बघायला मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा न्या, मोजणीवाले ते तपासत नाहीत.