सापडलेलं की जोडलेलं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे: 'आमच्या वाचनगटात एका इंग्रजी विज्ञान कादंबरीवर मराठीत बोलायचं आहे. काही माणसं आणि काही रोबोट एका अंतराळयानात राहतात, रक्ताचं कुणी कुणाचं नाही, पण हळूहळू त्यांचं घर होतं. इंग्रजीत याला फाउंड फॅमिली म्हणतात. मराठीत सापडलेलं कुटुंब म्हणावं, की मानलेलं?'

ताई, 'सापडलेलं' नको. मराठीत हरवलेली वस्तू सापडते, नाहीतर माणूस कुणाच्या तावडीत, कचाट्यात, पुरात सापडतो. 'सापडलेलं कुटुंब' म्हटलं की मला ठाणे स्टेशनच्या गर्दीत चुकामूक झालेले चौघे दिसतात.

'मानलेलं' बरंच जवळचं आहे. मानलेला भाऊ, मानलेली लेक आपण सहज म्हणतो. 'मानला तर देव, नाही तर धोंडा' म्हणणाऱ्या भाषेला यंत्राला मानणंही जड जाऊ नये. अडचण एवढीच, की यात मानणारा एक आणि मानला जाणारा दुसरा. धोंडा काही उलट आपल्याला मानत नाही. तुमच्या कादंबरीत घर झालं म्हणता, म्हणजे रोबोटांनीही माणसांना आपलं केलं असणार. ते या शब्दात येत नाही. शिवाय आपण एकेक नातं मानतो, अख्खं कुटुंब मानल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझं मत 'जोडलेलं' या शब्दाला. जोडणं म्हणजे सांधणं हे झालंच, पण मिळवणं, कमावणं हाही त्याचा जुना आणि भक्कम अर्थ आहे. तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें' मधलं जोडणं ते हेच. पुण्य जोडतात, मित्र जोडतात, माणसं जोडतात. इंग्रजीतल्या त्या 'फाउंड'मध्ये जे मिळण्याचं सुख आहे ते इथं पुरेपूर आहे, आणि वर ते आयतं मिळालेलं नाही हेही शब्दच सांगतो.

आता यंत्राची बाजू बघा. आयटीआयमध्ये फिटरच्या कामाला मराठी शब्द आहे जोडारी. माझे वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात जोडारी होते. दोन भाग एकमेकांवर चोख बसवायचे तर एकाला निळा रंग फासायचा, दुसऱ्यावर ठेवून सरकवायचा, जिथं निळं उमटेल तिथला उंचवटा खरवडायचा, आणि पुन्हा ठेवून बघायचं. एका जोडणीला कधी अख्खी पाळी जायची. नखांतला तो निळा रंग रविवारीही निघत नसे. ते निवृत्त झाले त्या दिवशी कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत उभं राहायला जागा नव्हती, आणि जो तो आईला एकच वाक्य म्हणत होता, 'वहिनी, यांनी माणसं फार जोडली.' यंत्रं जोडणं आणि माणसं जोडणं यांना एकच क्रियापद आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. तुमच्या कादंबरीत जे रोबोट सुटे भाग जोडून झाले, त्यांनीच माणसं जोडली. मराठीत ही गोष्ट एका शब्दात मावते.

'आप्त' हा शब्दही आठवला असेल. संस्कृतात 'आप्' म्हणजे पोचणं, मिळवणं. आप्त म्हणजे मिळालेला, आणि त्यावरूनच विश्वासाचा. 'प्राप्त'मध्ये हाच आप्त बसलेला आहे. व्युत्पत्तीनं तो अगदी नेमका आहे, पण आज आप्त म्हटलं की लग्नपत्रिकेतले आप्तेष्टच समोर येतात, म्हणून नाइलाजानं सोडते.

खुद्द 'रोबोट' आला तो कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 च्या नाटकातून. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. आणि हा शब्द चापेकला सुचवला तो त्याच्या भावानं, योसेफनं.

तेव्हा बोलताना 'जोडलेलं कुटुंब' म्हणा, किंवा अधिक घरगुती हवं असेल तर 'जोडलेली माणसं'. रोबोटांना माणसं कसं म्हणायचं, असं गटात कुणी विचारेल. त्यांना आपली रोजची बोली ऐकवा. 'माणूस' हा शब्द एरवी पुल्लिंगी, पण जिव्हाळ्यानं बोलताना आपण तो नपुंसकलिंगी करतो. पुरुष असो की बाई, 'आपलं माणूस'. म्हणजे 'तो' आणि 'ती' दोन्ही बाजूला ठेवून आपण जवळच्याला 'ते' म्हणतो, आणि यंत्रही 'ते'च. एखादा रोबोट यानाच्या दाराशी आला आणि पहाऱ्यावरच्या नवख्यानं त्याला अडवलं, तर आतून मराठीत सरळ हाक येईल: 'अरे, आत घे त्याला, आपलंच माणूस आहे ते.'