सॉकेट ११५१च आहे, तरी प्रोसेसर चालणार नाही

भाऊ, मित्राच्या हातात पैसे ठेवू नका अजून. तुमचा मदरबोर्ड एच११० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप), त्यावर प्रोसेसर आय३-६१००. मित्र आठव्या पिढीचा आय५-८४०० देतोय आणि दोन्हींचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५१, म्हणून बसेल असं तुम्ही धरून चाललाय. बसेल हो, पण चालणार नाही.

याच फंदात माझे पैसे गेलेत. खाचा जुळल्या, दांडी बसली, पंखा गरगरला, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. रॅम काढून-घालून अख्खी रात्र गेली. इंटेलने ऑक्टोबर २०१७मध्ये डेस्कटॉपची आठवी पिढी आणली तेव्हा सॉकेटचं नाव तेच ठेवलं, पण आतल्या पिनांची मांडणी बदलली. १०० (तुमचा एच११० यातलाच) आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर सहावी-सातवी पिढी, ३०० मालिकेवर आठवी-नववी. नाव बदललं असतं तर काय बिघडलं असतं, देव जाणे!

तुमच्या बोर्डावर सातव्या पिढीचा आय५-७५०० किंवा आय७-७७०० चालेल. सध्या तुमच्याकडे २ कोर आहेत, या दोन्हींत ४. फक्त आधी बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्याच मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी उघडा. कोणता प्रोसेसर बायोसच्या (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते तिथे असतं. सातव्या पिढीला बहुधा बायोस अपडेट लागेल. ते जुना आय३ बसलेला असतानाच करा, आणि यूपीएसवर करा. मध्येच लाइट गेली तर बोर्डच हातचा जायचा.

पण खरं सांगू? विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या यादीत हे दोन्ही प्रोसेसर नाहीत. त्यामुळे यात फार पैसा घालू नका. टॅली आणि जॅकार्डची (नक्षीदार विणकामाची) डिझाइनं उघडायला वेळ लागतो म्हणता, आणि अजून हार्ड डिस्कच आहे. आधी तिच्या जागी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान ड्राइव्ह) टाका.

आणि पीसी सोलापुरात अक्कलकोट रोडला कारखान्यातच आहे ना? मग कूलर खोलून बघा. आमच्या मेव्हण्याच्या मागाशेजारच्या पीसीत पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये टॉवेलच्या सुताची गादी जमली होती, अक्षरशः सोलून काढली. मे महिन्यात पत्र्याखाली तो पीसी दुपारी आपोआप बंद पडायचा. साफ करून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) लावल्यावर थांबलं.

बोर्डाचा फोटो टाका, रॅमचे स्लॉट दिसतील असा. काही एच११० बोर्डांवर डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, ते बघून सांगतो.